वाढलेल्या वृक्षांची निगा

१९५० साली देशात वनमहोत्सवाचा उपक्रम सुरू झाला. तेव्हापासून पावसाळ्याच्या आरंभी रोप लावण्याचा सोहळा प्राथमिक शाळांच्या चांगलाच अंगवळणी पडला आहे. खड्डा खणावा, पाहुण्यांच्या हस्ते रोप लावावे, मुलांनी टाळ्या वाजवाव्यात, असा हा क्रम होय. रोपास आळे कसे करावे, कुंपण कसे घालावे, हेही शिक्षकांस ठाऊक असते. परंतु तेच रोप पंचवीस-तीस वर्षांनी शाळेच्या छपरावर फांद्या टाकू लागले म्हणजे त्याचे काय करावयाचे, याची शिकवण कोणी दिलेली नसते. मग एखाद्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याने मोठी फांदी मोडते, गावात घबराट होते, आणि पुढच्याच आठवड्यात कुऱ्हाड लावून सबंध झाड बोडके केले जाते. नांदेड व लातूर या जिल्ह्यांत असे बोडके केलेले कडुलिंब शाळांच्या आवारांत पाहावयास मिळतात.

असे झाड सुरक्षित झाले अशी गावाची समजूत असते. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. भयाने तोडलेले झाड चार-पाच वर्षांनी पूर्वीपेक्षा अधिक धोक्याचे होते. त्याचे कारण शिक्षकांच्या नीट ध्यानात यावे व मुलांचे मस्तक आणि झाडाचा प्राण ही दोन्ही कशी राखता येतात हे समजावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वाढलेल्या झाडाची निगा हा पाश्चात्त्य देशांत एक स्वतंत्र धंदा आहे. या धंद्यातील जाणकारास तिकडे ‘आर्बोरिस्ट’ म्हणतात. मराठीत त्यास वृक्षनिगातज्ज्ञ म्हणावयास हरकत नाही. या लोकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे मूळ १९२४ साली अमेरिकेत भरलेल्या एका परिषदेत आहे. १९९२ पासून ही संस्था परीक्षा घेऊन प्रमाणपत्रे देते. विशेष सांगण्याजोगी गोष्ट अशी की, या धंद्यातील माणसे आपले कसब काही दिवस सार्वजनिक जागांसाठी विनामूल्य देतात. अमेरिकेत २०१५ साली ‘सॅल्यूटिंग ब्रँचेस’ या नावाने एक उपक्रम निघाला. त्यात वर्षातून एक दिवस अनेक राज्यांतील वृक्षनिगातज्ज्ञ आपापल्या करवती, दोर व वाहने घेऊन सैनिकांच्या स्मशानभूमींत जमतात व तेथील जुन्या वृक्षांची निगा राखतात. एरवी ज्या कामाची मजुरी त्यांना भरपूर मिळते, तेच काम त्या दिवशी ते सेवा म्हणून करतात.

आपल्याकडे असे प्रशिक्षित तज्ज्ञ मोठ्या शहरांतच थोडेबहुत आढळतात. सेवेची वृत्ती मात्र येथेही कमी नाही, आणि तिचे उदाहरण दूर शोधावयास नको. लातूर शहरात २०१९ साली ‘ग्रीन लातूर वृक्ष टीम’ हा स्वयंसेवकांचा गट उभा राहिला. निरनिराळ्या व्यवसायांतील नागरिक सकाळच्या वेळी एकत्र येऊन रस्त्याकडेच्या व मोकळ्या जागांतील झाडांना आळी करणे, पाणी घालणे, तण काढणे ही कामे करू लागले. लातूरला या कामाची निकड होती. २०१६ च्या दुष्काळात एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने या शहरास पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, हे वाचकांस स्मरत असेल. जेथे माणसांस पाणी रेल्वेने येते, तेथे झाडांच्या वाट्यास काय येणार! पुणे व पिंपरी-चिंचवड भागात ‘आंघोळीची गोळी’ या संस्थेने झाडांच्या खोडांत ठोकलेले खिळे काढण्याची ‘खिळेमुक्त झाडे’ ही मोहीम चालविली. तिचे अनुकरण पुढे इतर गावांतूनही झाले.

हे सर्व लोक तज्ज्ञ नव्हेत, आणि त्यांनी केलेली कामे झाडावर न चढता करता येण्याजोगी आहेत. प्राथमिक शिक्षकाने येथूनच धडा घ्यावयाचा आहे. झाडाच्या निगेतील अर्धेअधिक काम जमिनीवर उभे राहूनच होते. उरलेले काम कसबी माणसाचे आहे. ते शिक्षकाने करू नये, परंतु ते कसे व्हावयास हवे हे त्यास ठाऊक असले पाहिजे. कारण कुऱ्हाड घेऊन आलेल्या माणसास ‘येथे तोड, तेथे तोडू नको’ असे सांगणारा आवारात दुसरा कोणी नसतो.

जखम व तिचा बंदोबस्त

माणसाच्या हातास कापले तर जखम भरून येते, म्हणजे तेथे नवे मांस व नवी कातडी तयार होते. झाडाचे तसे होत नाही. लाकडाचा जो भाग कुजला तो पुन्हा कधीही ताजा होत नाही. झाड फक्त त्याच्याभोवती तटबंदी उभारते व बाहेरून नवे लाकूड चढवून त्यास आत कोंडून टाकते. ही गोष्ट अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अॅलेक्स शिगो यांनी सप्रमाण दाखविली. १९५९ साली ते त्या खात्यात दाखल झाले. पूर्वी झाडे आडवी कापून पाहण्याची रीत होती. शिगो यांनी यांत्रिक करवतीने हजारो खोडे उभी चिरली व कूज कोठे सुरू होते आणि कोठे थबकते हे डोळ्यांनी पाहिले. १९७७ साली त्यांनी आपला सिद्धान्त प्रसिद्ध केला. झाड कुजीच्या वर-खाली, आत, दोन्ही बाजूंस आणि बाहेर अशा चार भिंती घालते. पैकी शेवटची, म्हणजे जखमेनंतर वाढलेल्या नव्या लाकडाची भिंत सर्वांत बळकट असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. किल्ल्याचा बाहेरचा तट पडला तरी बालेकिल्ला लढतो, हा दाखला मुलांस चटकन समजेल. कंधार व उदगीरचे किल्ले त्यांच्या परिचयाचेच आहेत.

आता फांदी कोठे तोडावी हे यावरून ठरते. फांदी जेथे खोडातून निघते तेथे तिच्या बुडाशी सुरकुत्या पडलेला, किंचित फुगीर असा भाग असतो. मनगटातील कड्यासारखा तो दिसतो. झाडाचे सारे तटबंदीचे सामर्थ्य या कड्यात साठविलेले असते. फांदी खोडालगत सपाट कापली तर हे कडेच निघून जाते, जखम मोठी होते व कूज सरळ खोडात शिरते. उलट, कड्यापुढे हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो, आणि झाडास त्यावरून साल चढविता येत नाही. म्हणून काप कड्याच्या अगदी बाहेरून द्यावयाचा. कडे कापावयाचे नाही व खुंटही ठेवावयाचा नाही.

मोठी फांदी एकाच घावात तोडली तर ती स्वतःच्या भाराने अर्ध्यातच फाटते आणि खोडाची साल वीतभर खाली सोलून नेते. चिंचेच्या किंवा लिंबाच्या खोडावर असे उभे व्रण शिक्षकांनी पाहिले असतील. हे टाळण्यासाठी कसबी माणूस तीन काप देतो. पहिला काप खोडापासून साधारण हात-दीड हात अंतरावर, फांदीच्या खालून, तिच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. त्यासरशी फांदी मोडून पडते, पण साल सोलणे पहिल्या कापाशी थांबते. मग उरलेला हलका खुंट कड्याच्या बाहेरून सावकाश कापावयाचा. हे काम करवतीचे आहे, कुऱ्हाडीचे नव्हे. फळ्यावर तीन रेघा ओढून हे समजाविता येते, आणि पाठ झाल्यावर मुलांनी बोटभर जाडीच्या तोडलेल्या काटकीवर तो प्रयोग करून पाहावा.

कापलेल्या जागी डांबर, रंग किंवा शेण लावण्याची चाल सर्वत्र आहे. त्याने कूज थांबत नाही, असेच शिगो यांच्या व त्यांच्यानंतरच्या निरीक्षणांतून दिसून आले. काही वेळा लेपाखाली ओल टिकून बुरशीस सोयच होते. स्वच्छ काप उघडा ठेवणे बरे. खोडास बाहेरून चुना व गेरू लावतात ती गोष्ट निराळी. तिने फारसा अपाय नाही, उलट कोवळ्या सालीचे उन्हापासून थोडे रक्षणच होते.

बोडक्या झाडाचा धोका

शेंडा व सर्व फांद्या तोडल्या म्हणजे झाडाची अन्न तयार करणारी पानेच नाहीशी होतात. मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस अंशांपलीकडे जातो. आजवर सावलीत वाढलेली साल अचानक त्या उन्हात येते, भाजते व तडकते. भुकेलेले झाड मग सालीखाली झोपलेल्या डोळ्यांतून घाईघाईने पुष्कळ धुमारे फोडते. पाहणाऱ्यास वाटते, झाड जोमाने फुटले! वास्तविक हे धुमारे मूळ फांदीप्रमाणे लाकडाच्या गाभ्यातून निघालेले नसतात. ते वरच्या थराला नुसते चिकटलेले असतात, आणि त्यांच्या खाली तोडलेला भाग कुजत असतो. चार-पाच वर्षांत ते मांडीएवढे जाड होतात. पुढील वळवाच्या वाऱ्यात खाली येते ते यांपैकीच एखादे.

यास्तव सुरक्षिततेसाठी छाटणी करावयाची तर ती वेचक असावी. वाळलेल्या, मोडलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी काढाव्यात. एका वर्षात हिरव्या पाल्याचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग कमी करू नये. शेळ्यांसाठी डहाळी तोडणाऱ्यांसही हाच हिशेब सांगावा लागेल. ते काम मात्र शिक्षकास सोपे नाही, कारण दुष्काळी वर्षी शेळी जगविणारा पाला आणि शाळेची सावली यांचा तंटा खरोखरीचा असतो. अशा वेळी नुसती मनाई करण्याऐवजी कोणत्या फांद्या नेता येतील हे खडूने खूण करून दाखविल्यास तंटा मिटण्याचा संभव अधिक.

वर चढण्याचे काम मुलांनी किंवा शिक्षकांनी करू नये, हे पुन्हा सांगितले पाहिजे. तज्ज्ञ माणूस कमरेस पट्टा बांधतो, दोर वरच्या भक्कम फांदीवरून घेतो, डोक्यास टोप घालतो आणि खाली एक सोबती ठेवल्याखेरीज करवत हाती घेत नाही. बिलोली, धर्माबाद, देगलूरकडे शिंदीच्या झाडावर दोर-पट्ट्याने चढणाऱ्यांचे कसब पाहिलेले असल्यास ही तयारी किती आवश्यक आहे हे निराळे पटवावे लागणार नाही. जवळून विजेची तार जात असेल तर वीज मंडळींकडून प्रवाह बंद करून घेतल्यावाचून झाडास हातही लावू देऊ नये. चिंच, आंबा, मोह, सागवान यांसारखी काही झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याखाली येतात. ती समूळ तोडण्यास परवानगी लागते. नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा निराळा कायदा आहे.

बुंध्याभोवतालचे जग

झाडाची मुळे खोल पाताळात गेलेली असतात हा समज चित्रांनी पसरविला आहे. अन्नपाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळे जमिनीच्या वरच्या हात-दीड हात थरातच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. म्हणून पाणी बुंध्याशी ओतण्यात अर्थ नाही. ते घेराच्या कडेखाली द्यावे. आपल्या काळ्या जमिनीस उन्हाळ्यात भेगा पडतात व त्यांत ही मुळे तुटतात. भेगा कमी करण्याचा उपाय आवारातच पडलेला असतो, आणि शाळा तो रोज सकाळी जाळून टाकते. झाडलोट करून पालापाचोळा झाडाखालीच पेटविण्याची रीत सोडली पाहिजे. तिने बुंध्याची साल भाजते, जमीन उघडी पडते. तोच पाचोळा बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून चार बोटे जाडीचा पसरावा. ओल टिकते, आणि दोन पावसाळ्यांत त्याची माती होते.

गावच्या पारांविषयी येथे थोडे लिहिणे आवश्यक आहे. जुने पार दगडांचे, मातीत रचलेले असत; सांध्यांतून पाणी मुरत असे, हवा खेळत असे. अलीकडे त्यांची जागा सिमेंटच्या ओट्यांनी व फरश्यांनी घेतली आहे. वड-पिंपळास खोडातून नवी मुळे फुटतात, म्हणून ते पुष्कळ काळ तग धरतात. कडुलिंब व चिंच यांना मात्र बुंध्यावर चढविलेली माती व तिला आवळणारे सिमेंट सोसत नाही. साल कुजते, आणि ओट्यावर बसलेल्यांस कळतही नाही. दिल्लीतील झाडांसंबंधी २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने बुंध्याभोवतीचे एक मीटर त्रिज्येतील सिमेंट आणि खोडांवरील फलक व तारा काढण्याचा आदेश दिला. ग्रामसभेत ओट्याचा ठराव येईल त्या दिवशी शिक्षकाने हा एक मीटर मागून घ्यावा.

तारांची गोष्ट निघालीच आहे, तर एक दोष शाळेच्याच पदरी येतो. पुष्कळ शाळांत घंटा म्हणून रुळाचा तुकडा लिंबाच्या फांदीस तारेने टांगलेला असतो. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतील रसवाहिन्यांतून खाली मुळांकडे जाते. फांदी जाड होत जाते, तार सालीत रुतते आणि रसवाहिन्या गळा आवळल्याप्रमाणे दबतात. तारेच्या वरचा भाग फुगतो, खालचा उपाशी राहतो, व एके दिवशी फांदी घंटेसह खाली येते. ती घंटा लाकडी खांबावर टांगावी, अथवा निदान रुंद पट्ट्याने बांधून दरवर्षी पट्टा सैल करावा. रोपाभोवतीची लोखंडी जाळी खोडात रुतण्यापूर्वी काढण्याचेही असेच विस्मरण होते. फलकांचे खिळे सैल असतील ते पक्कडीने उपटावेत. जे लाकडाने गिळून टाकले आहेत त्यांच्यासाठी खोड कोरू नये.

वार्षिक पाहणीचा पाठ

झाडे पाहण्यास योग्य वेळ एप्रिलची. उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी, वळीव येण्याआधी, वरच्या वर्गांतील मुलांसह शिक्षकाने आवारातील प्रत्येक झाडास सावकाश फेरी घालावी. आधी दुरून सबंध झाड पाहावे. पूर्वी सरळ असलेले झाड कलले आहे काय, कलाच्या विरुद्ध बाजूस जमीन उचलली गेली आहे काय? मग जवळ यावे. बुंध्याशी किंवा खोडावर भूछत्रे उगवली असतील तर आत कूज आहे असे समजावे. दोन जाड फांद्या इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या चिंचोळ्या कोनात निघून त्यांच्या बेचक्यात साल दबली असेल, तर तो सांधा कच्चा असतो. नंतर लाकडी हातोडीने खोड ठोकून ऐकावे. मडके घेताना ते वाजवून पाहतात त्याप्रमाणेच येथेही कान लावावयाचा. पोकळ जागी आवाज बदलतो.

पोकळ झाड म्हणजे पडणारे झाड नव्हे, हे मात्र मुलांस गणिताने दाखवावे. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस माथेक यांनी मोडलेली व उभी राहिलेली पोकळ झाडे तपासून असा अंदाज बांधला की, भोवतीचे निरोगी लाकूड खोडाच्या त्रिज्येच्या सुमारे तीन-दशांशापेक्षा पातळ झाले म्हणजे मोडण्याचा धोका वाढतो. समजा, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर २२० सेंटिमीटर भरला. ३.१४ ने भागल्यास व्यास ७०, त्रिज्या ३५. तिचे तीन-दशांश साडेदहा सेंटिमीटर. ढोलीच्या तोंडाशी कडेची जाडी याहून बरीच अधिक असेल तर पोपट व घुबडे यांचे घर मोडण्याचे कारण नाही. हा अंदाज आहे, नियम नव्हे; खोडास भेग असेल किंवा ढोलीचे तोंड फार मोठे असेल तर तो लागू पडत नाही, आणि संशय राहिल्यास वनखात्याच्या माणसास बोलवावे. तोपर्यंत त्या झाडाखाली वर्ग बसवू नये.

शेंडे वाळलेले दिसले म्हणून झाड मेले असेही घाईने ठरवू नये. मोठ्या अवर्षणाचा परिणाम वठलेल्या शेंड्यांच्या रूपाने दोन-तीन वर्षांनीही प्रकट होतो. नांदेडला लागून असलेल्या तेलंगणात २०२१ च्या सुमारास कडुलिंबांचे शेंडे मोठ्या प्रमाणावर करपले. फोमॉप्सिस नावाच्या बुरशीचा तो रोग होता. लोक झाडे तोडावयास निघाले होते, पण पुष्कळ झाडांनी पुढे नवी पालवी धरली. रोगट डहाळ्या काढल्या तर त्या दूर नेऊन जाळाव्यात, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना करवतीचे पाते स्पिरिटने पुसून घ्यावे. कापलेली हिरवी फांदी पावसाळ्यात काढू नये. त्या दिवसांत चिंचांवर बगळ्यांची घरटी असतात.

पाहणीची नोंद एका वहीत ठेवावी. प्रत्येक झाडास एक पान. त्यावर घेर, फांदी कापल्याची तारीख, कापाची रुंदी. दरवर्षी जानेवारीत मुलांनी त्या कापाची उघडी राहिलेली रुंदी दोरीने मोजून तारखेसमोर लिहावी. काप योग्य जागी असेल तर कडेने चढणारा नव्या लाकडाचा गोल वळ दरसाल थोडा आत सरकलेला दिसेल. एका बाजूस वळ चढत नसेल, तर त्या बाजूस कडे कापले गेले होते असे समजावे व पुढील खेपेस फांदी कापणाऱ्यास ते पान दाखवावे. बदली झालेल्या शिक्षकाने कार्यभार देताना ही वही हजेरीपटाबरोबर नव्या शिक्षकाच्या हाती द्यावी.